एकशेऐंशी नंबरचा ताप

“डॉक्टर, तुम्ही अख्ख्या शाळेच्या जिभा बघता, पण तुमची जीभ कोण बघतं?”

प्रश्न माझा नव्हता, तोंड तेवढं माझं होतं. प्रश्न लंबी आणि चश्मिश या माझ्या दोन जिवलग मैत्रिणींनी रांगेत उभ्या उभ्या रचला होता आणि “दम असेल तर विचारून दाखव” अशी पैज लावली होती. दम माझ्यात नुकताच आला होता. गेल्या वर्षापर्यंत मी हजेरीला इतक्या हळू ‘हजर’ म्हणायचे की बाईंनी मला समोर बसवून गैरहजर लावलं होतं. या वर्षी काय झालं कोण जाणे! उंची वाढली, आवाज वाढला आणि दोन्ही वापरून बघायची खुमखुमी तर विचारूच नका.

आमच्या शाळेची आरोग्य तपासणी खेळाच्या सामानाच्या खोलीत होते. एका बाजूला हवा गेलेले चेंडू, दुसऱ्या बाजूला गुंडाळलेल्या चटया आणि मध्ये टेबल टाकून आमच्या ‘आऽऽबाई’. दरवर्षी त्या येतात आणि प्रत्येकीला “आऽऽ कर” म्हणतात. पाय मुरगळला असला तरी आऽऽ, कानात काही गेलं असलं तरी आधी आऽऽ. ठेंगण्या, पायात खेळाचे बूट, आणि केस असे की घाईघाईत स्वतःच कापले असावेत.

माझा प्रश्न ऐकून रांगेतल्या मुली टाचा उंचावून बघू लागल्या. मागून लंबीचं “मेलो आपण” एवढं ऐकू आलं. आऽऽबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं, अगदी पायापासून डोक्यापर्यंत, आणि म्हणाल्या, “कोणीच नाही गं. आजवर कोणी विचारलंच नाही. तू बघ.”

आणि टॉर्च माझ्या हातात देऊन त्यांनी खरोखर जीभ बाहेर काढली!

आता आली का पंचाईत? पण माघार घेईन तर ती मी कसली. टॉर्च मारला. “गुलाबी आहे. मागे थोडा पिवळट थर आहे. मध्ये बारीक भेग. डाव्या कडेला लाल खूण आहे, म्हणजे तुम्ही बहुतेक...”

“म्हंघे नघो,” त्या जीभ बाहेर ठेवूनच म्हणाल्या. मग ती आत घेऊन स्पष्ट सांगितलं, “‘म्हणजे’ नको. काय दिसतं तेवढं सांग.”

“डाव्या कडेला लाल खूण. ताजी. दाताएवढी.”

“सकाळी घाईत चावली,” आऽऽबाई खूश होऊन म्हणाल्या. “घरी कोणाच्या लक्षात आलं नाही, तुझ्या आलं. त्या कोपऱ्यावरच्या सुतारांची मुलगी ना तू? शनिवारी सकाळी दवाखान्यात ये. मला एक आगाऊ मुलगी हवीच होती.”

पैज जिंकले. लंबी आणि चश्मिशने आठवडाभर माझं दप्तर वाहिलं, आणि मी मुद्दाम त्यात भूगोलाचा जाडजूड नकाशासंग्रह भरून नेला.

घरी मात्र ही बातमी कोणी डोक्यावर घेतली नाही. आमचं घर वर आणि कारखाना खाली. कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली, तीन रंधे, बाबा, आणि रंगाचं काम करणारे रंगारीकाका. खिडकीजवळ आईचं शिलाई मशीन, कारण खुर्च्यांच्या गाद्या ती शिवते. आमच्याकडे फक्त लहान मुलांच्या खुर्च्या-टेबलं होतात, त्यामुळे आमच्या घरात मोठ्या माणसाला टेकायला धड जागा नसते. या खुर्च्यांचा तपासनीस म्हणजे माझा धाकटा भाऊ, वय वर्षं सहा. माल पोचवायला गाडी निघाली की हा सोबत जातो आणि तिथे प्रत्येक खुर्चीवर बसून “ही पास, ही पास” करतो. त्याला सगळे रेडिओ म्हणतात. सकाळी डोळे उघडले की सुरू, रात्री झोप लागली की बंद, आणि मध्ये जाहिरातीसुद्धा तोच करतो.

“दवाखान्यात जाऊन काय करणार? सगळ्यांची दुखणी घरी घेऊन येशील,” आई म्हणाली.

“येऊ दे जाऊन,” बाबा म्हणाले. “दोन शनिवारांत हौस फिटेल. मग आहेच आपला कारखाना.”

‘आपला कारखाना’ म्हणताना बाबांची नजर दाराआड गेली. तिथे जुन्या चादरीत गुंडाळून एक पाटी ठेवलेली होती. मला ती दिसू नये म्हणून बाबा इतकी काळजी घेत होते की ती मला पहिल्याच दिवशी दिसली. नवी कोरी पाटी, बाबांचं नाव आणि त्याखाली त्यांनी स्वतः कोरलेलं: ‘आणि कन्या’. अक्षरं इतकी सुरेख होती की मी ती दोनदा वाचली आणि मगच चादर परत झाकली. या वर्षाअखेरीस शाळेत शाखा निवडायची होती. बाबांच्या मनात माझी शाखा केव्हाच कोरून, घासून तयार होती.

बाबांचं खरं वेड म्हणजे घासणं. लाकूड घासून झालं की ते डोळे मिटतात आणि बोटाचं टोक त्यावरून हलकेच फिरवतात. “डोळ्याला चकाकी दिसली की तो खूश होतो. बोट तसं भुलत नाही,” असं त्यांचं म्हणणं. मला चालता यायला लागलं तेव्हापासून हा खेळ चालू आहे. बाबा फळी पुढे करायचे, मी डोळे मिटून हात फिरवायचा आणि शेवटी कोणत्या नंबरचा पॉलिशपेपर मारलाय ते सांगायचं. ऐंशी नंबर म्हणजे मांजराची जीभ. एकशेवीस म्हणजे दाढी न केलेले रंगारीकाका. एकशेऐंशी म्हणजे बारीक वाळू, नुसती जाणवेल न जाणवेल अशी. चुकले तर बाबा “परत” म्हणायचे, बरोबर आलं तरी “परत”च म्हणायचे.

मी शनिवारी गेले. मग दुसऱ्या शनिवारी गेले. हौस फिटली नाही, उलट भूक लागली.

आऽऽबाईंचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पुढे तीन पायऱ्या आणि पायऱ्यांकडे तोंड केलेली खिडकी. खिडकीजवळ त्यांची खुर्ची. मला वाटलं उजेडासाठी. पण पहिल्याच सकाळी कळलं की त्यांची तपासणी पेशंट पायरीवर पाऊल ठेवतो तेव्हाच सुरू होते. “बघ, तो गृहस्थ कठड्याला धरून चढतोय, पण गुडघा धरत नाही, छाती धरतोय,” त्या कुजबुजायच्या. आत आल्यावर मात्र चेहऱ्यावर काही नाही. “या, बसा, आज काय म्हणते तब्येत?” बोलताना कधीच लिहायच्या नाहीत. लहान मूल असलं की आधी दोन्ही हात एकमेकांवर चोळून गरम करायच्या. आणि सगळ्यात मला काय आवडलं सांगू? एका आजींनी विचारलं, “काय झालंय मला?” तर त्या सरळ म्हणाल्या, “मला अजून माहीत नाही. शोधू या.” एवढ्या मोठ्या डॉक्टर! आमच्या गणिताच्या सरांना एखादं उदाहरण सुटलं नाही तर ते फळाच पुसून टाकतात.

भिंतीवर एक मोठा तक्ता होता. जिभांचा! पंचवीस-तीस जिभांचे फोटो, काळपट, पांढऱ्या, भेगाळलेल्या, नकाशासारख्या. आणि प्रत्येक नावावर आऽऽबाईंनी कागदाची पट्टी चिकटवलेली.

“नावं का झाकलीत?”

“नाव कळलं की माणूस बघायचं थांबतो,” त्या म्हणाल्या. “आधी बघ, मग हात लाव, मग विचार. नाव सगळ्यात शेवटी.”

त्यातली एक जीभ माझी फार लाडकी झाली. पांढऱ्या थरातून लालभडक ठिपके वर आलेले, आणि शेजारच्या फोटोत तीच जीभ थर गळून अख्खी लाल, थेट पिकलेली स्ट्रॉबेरी. “ही कोणती?” म्हटलं तर उत्तर आलं, “कधी दिसली तर तूच सांग.” त्या हात धुवायला आत गेल्या तेव्हा मी त्या पट्टीचा कोपरा हळूच उचकटला, नाव वाचलं आणि थुंकी लावून परत चिकटवला.

आता या नाव-शेवटी नियमाची किंमत मला लगेचच कळली. एका संध्याकाळी रंगारीकाका खाली बाकावर पडलेले दिसले, मान आणि दंड लाल ठिपक्यांनी भरलेले. मी ओरडत वर आले, “काकांना गोवर! कोणी जवळ जाऊ नका!” आईने हातातली गादी टाकली, बाबा धावले. काका उठून बसले, दंडावर रॉकेलचा बोळा फिरवला आणि गोवर बोळ्यावर आली. घरच्या लोखंडी कपाटाला लाल प्रायमर मारून ते जरा आडवे झाले होते. त्या दिवसापासून मी घरात ‘डॉक्टरीणबाई’. मीठ जास्त झालं तरी “डॉक्टरीणबाई, भाजीला काय झालंय बघा.”

आता त्या शनिवारची गोष्ट. एका नव्या बालवाडीला खुर्च्या पोचवायच्या होत्या. रंगारीकाका गाडीत माल चढवत होते, आई शेवटच्या गाद्यांची गाठ मारत होती, बाबांनी जिन्याखालून हाक दिली, “रेडिओ, चला, तपासनीस! मुलं वाट बघतायत.”

उत्तर नाही.

रेडिओ जिन्याच्या मधल्या पायरीवर बसला होता. गप्प. आमच्या घरात ही शांतता इतकी नवी होती की हातातली गाठ सोडून आईसुद्धा उठली. आदल्या रात्री तो एकदा ओकला होता, पण त्याने द्राक्षं बचाबचा खाल्ली होती, म्हणून आईने सगळा आळ द्राक्षांवर घातला होता. आता तिने त्याच्या गळ्याला हात लावला, सदरा वर केला आणि किंचाळलीच.

“झालं! अहो, परत तुमचं ते पॉलिश! बघा कसा लालेलाल झालाय.”

“मी त्याला डब्याजवळ फिरकू दिलं नाही.”

“तुम्ही नाही दिलं, तो गेला. मागच्या वेळी काय झालं होतं? हात असे सुजले होते पोराचे!”

मागच्या वर्षी खरंच झालं होतं. ओल्या पॉलिशला हात लावून रेडिओच्या हातांवर पुरळ उठली होती, आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम नि खाजेचं औषध अजून फळीवर होतं. आई तेच घेऊन आली. “अंग गरम लागतंय जरा,” ती म्हणाली.

“उड्या मारल्या असतील,” बाबा म्हणाले. “मलम लाव, औषध दे आणि बसव गाडीत. वाऱ्याने बरं वाटेल. तो नसला तर खुर्च्या पास कोण करणार?”

दुसऱ्या कुठल्याही घरात आधी तापाकडे लक्ष गेलं असतं. आमच्याकडे पुरळ म्हटली की पॉलिश, शिंक म्हटली की भुसा, हे ठरलेलंच.

मी पायरीवर रेडिओसमोर बसले. डोक्यात आऽऽबाईंचा आवाज होता. बघ. गाल लालबुंद, पण ओठांभोवती मात्र पांढरं, जणू कोणी ओल्या फडक्याने तेवढाच भाग पुसून घेतला होता. थुंकी गिळताना तो मान पुढे काढत होता, पक्ष्याच्या पिल्लासारखा.

“रेडिओ, आऽऽ कर.”

“नको ताई, दुखतं.” आवाज म्हणजे नुसती खरखर, स्टेशन न लागल्यासारखी.

“एकदाच. मग माझी नवी पेन्सिल तुझी.”

त्याने जीभ काढली. पांढरा थर आणि त्यातून वर आलेले लाल ठिपके. भिंतीवरचा तक्ता जणू आमच्या जिन्यात येऊन उभा राहिला. मी त्याचा हात सरळ केला. कोपराच्या आतल्या घडीत लाल रेघा, बाबा लाकडावर खुणेसाठी मारतात तशा. गाल दाबला की लाली पळायची आणि बोट काढलं की परत यायची.

“बाबा, त्याला गाडीत नका बसवू. दवाखान्यात नेऊ या.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. “कशाला? गोवर?”

गाडीतून रंगारीकाका खो खो हसले. “डॉक्टरीणबाई, रॉकेलचा बोळा आणू का?”

माझे कान तापले. आधीची मी असते तर तिथेच विरघळले असते. आणि खरं सांगते, क्षणभर वाटलंही की परत प्रायमर निघाला तर? पण मग लक्षात आलं, मला नाव कुठे घ्यायचं होतं? नाव शेवटी.

“मी आजाराचं नाव घेतच नाही,” मी म्हटलं. “फक्त मला एक सांगा. पॉलिश हाताला लागतं. मागच्या वेळी पुरळ हातांवर होती. आज तळहात बघा, स्वच्छ! आणि लाल काय आहे? मान, छाती, काखा. बनियनच्या आत पॉलिश गेलं कसं? आणि मागच्या वेळी तो खाजवून खाजवून नाचत होता. आज खाजवतोय का?”

आई मलमाचं झाकण उघडता उघडता थांबली.

“डोळ्याला काय, काहीही दिसतं,” बाबा म्हणाले, पण आवाज जरा मऊ झाला होता.

“मग डोळे मिटा!” मी म्हटलं. “बाबा, खरंच. मिटा डोळे आणि हात द्या.”

बाबांनी डोळे मिटले. मी त्यांचं बोट धरून रेडिओच्या छातीवर ठेवलं. लाकडावर फिरवतात तसंच, हलकेच, त्यांनी ते एका रेषेत खाली आणलं. काका हसायचे थांबले. बाबांच्या कपाळावर आठी उमटली. त्यांनी बोट परत वर नेलं, आणि यावेळी “परत” कोणालाही म्हणावं लागलं नाही.

“एकशेवीस?” ते पुटपुटले.

मीही डोळे मिटून हात फिरवला. माझ्या भावाची ती मऊ, साबणाच्या वासाची छाती बारीक वाळूसारखी झाली होती. “एकशेऐंशी.”

“हो. एकशेऐंशी. सगळीकडे सारखा.” बाबांनी डोळे उघडले तेव्हा चेहरा उतरला होता. “हे पॉलिशचं नाही. पॉलिशने फोड उठतात, इथे एक, तिथे चार. हे असं एकसारखं...” त्यांनी वाक्य सोडलं आणि रेडिओला उचललं. “काका, गाडी तुम्ही न्या. तपासनीस आज येणार नाही.”

दवाखान्याच्या पायऱ्या चढताना मी खिडकीकडे बघितलं. आऽऽबाई बघतच होत्या. आम्ही आत गेलो तेव्हा त्यांनी रांगेतल्या लोकांना “पाच मिनिटं हं” म्हटलं, हात चोळून गरम केले आणि मला म्हणाल्या, “सांग.”

आईबाबांना नाही, मला! मी सांगितलं. ओकारी, ताप, गिळताना मान, ओठांभोवतीचा पांढरा भाग, जीभ, कोपरातल्या रेघा, दाबल्यावर पळणारी लाली. “आणि हाताला एकशेऐंशी नंबरचा पॉलिशपेपर लागतो.”

“काय लागतो?”

“बारीक पॉलिशपेपर,” बाबा अभिमानाने म्हणाले. “मी पण तपासलाय.”

आऽऽबाईंनी हसू दाबलं, पण माझ्या सांगण्यावरून काहीच गृहीत धरलं नाही. सगळं स्वतः परत बघितलं, अगदी पहिल्यापासून, जणू मी काही सांगितलंच नव्हतं. घसा बघितला, गळ्याच्या गाठी चाचपल्या, कान बघितले. मग कापसाचा बोळा लावलेली काडी घशाला टेकवली. रेडिओ रडला. त्या काडीची तपासणी होईपर्यंत त्यांनी त्याला टॉर्च खेळायला दिला आणि माझ्याकडे वळल्या.

“आता नाव घे.”

“मला वाटतं...”

“आता वाटलं तरी चालेल. आता वाटायची वेळ झाली.”

“स्कार्लेट फीवर.”

त्यांनी तपासणीची पट्टी माझ्यापुढे धरली. दोन रेघा. “बरोबर. मराठीत लोहितांग ज्वर. घशातल्या जंतूंमुळे होतो. आणि तक्त्यावरची पट्टी थुंकीने चिकटवलेली मला कळत नाही, असं समजू नकोस.”

मेलेच मी! या बाईला काही म्हणजे काही दिसायचं राहत नाही.

“लोहि... काय?” रेडिओने घोगऱ्या आवाजात विचारलं. “एवढं मोठं नाव माझ्या तापाचं?” आणि आजारातही त्याची कॉलर ताठ झाली.

आई मात्र रडकुंडीला आली होती. “डॉक्टर, मी मेली मलम चोपडायला निघाले होते. आज याला गाडीत घातला असता, तिकडे त्या सगळ्या लहान मुलांत...”

“त्यांच्यातल्या काहींना नक्की लागण झाली असती,” आऽऽबाईंनी उगाच गोड बोलून झाकलं नाही. “आणि दुखणं अंगावर काढलं तर कधीकधी पुढे हृदयाला, मूत्रपिंडांना त्रास होतो. पण तुम्ही वेळेत आलात. औषध आहे, चांगलं आहे. याला याआधी पेनिसिलिनचा त्रास झालाय का? नाही ना? मग दहा दिवस द्यायचं, पूर्ण. औषध सुरू झाल्यावर निदान एक अख्खा दिवस कोणात मिसळू द्यायचं नाही, आणि ताप उतरेपर्यंत घरीच. घरात कोणाचा घसा धरला तर लगेच या.”

मग त्यांनी आईच्या हातावर हात ठेवला. “आणि मलमाचं मनाला लावून घेऊ नका. मी नवीन डॉक्टर होते तेव्हा एका मुलीच्या अंगावर अशीच पुरळ होती. आईने तिला नवा लोकरीचा स्वेटर घातला होता. मी म्हटलं, लोकर टोचली असेल, आणि घरी पाठवलं. घसा बघितलाच नाही. जेवताना माझ्या घशाखाली घास उतरेना. उठले, पत्ता शोधत त्यांच्या घरी गेले आणि तिला म्हटलं, आऽऽ कर. हीच जीभ निघाली.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तेव्हापासून सगळ्यांची जीभ बघते. अख्ख्या शाळेची.”

मी तोंड उघडं टाकून ऐकत होते. वर्षानुवर्षं आम्ही ज्याची नक्कल करून हसत होतो, त्या आऽऽच्या मागे हे होतं! चूक लपवायची सोडून या बाईंनी तिचा नियम केला होता, आणि तो रोज, न कंटाळता, मुरगळलेल्या पायांवरसुद्धा लावला होता. मला एकदम वाटलं, माणूस मोठं होतं ते असं.

“तोंड उघडंच आहे तर आऽऽ कर,” त्या म्हणाल्या आणि माझाही घसा बघून घेतला. मग बाबांना म्हणाल्या, “मला त्या पेपरचा एक तुकडा द्याल? मी आजवर सगळ्यांना ‘खरखरीत लागतं’ एवढंच शिकवत आले. नंबर कोणी सांगितला नव्हता.”

बाबांनी एक तुकडा नाही, अख्खा गठ्ठा पाठवला. आता तो जिभांच्या तक्त्याखाली खिळ्याला टांगलेला आहे, आणि शिकायला येणाऱ्या नर्स डोळे मिटून त्यावर हात फिरवतात.

औषध सुरू झाल्यावर रेडिओ पुन्हा लागला. जीभ आधी थर टाकून स्ट्रॉबेरी झाली, ती त्याने आरशात बघून बघून सगळ्या घराला दाखवली. ताप गेला, पुरळ मावळली, तो जिन्यावरून उड्या मारू लागला. आई म्हणाली, “बरा झालाय की! उगाच कशाला पोरात औषध ढकलायचं?” मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबाच म्हणाले, “पॉलिशचा शेवटचा हात दिला नाही तर महिन्याभराने लाकूड तोंड उघडतं. पूर्ण द्यायचं.” आऽऽबाईंनी सांगून ठेवलं होतं तशी पुढे त्याच्या बोटांच्या टोकांची साल निघाली. रेडिओला वाटलं, आपलं जुनं पॉलिश निघतंय.

औषधाची बाटली रिकामी झाली त्या दिवशी बालवाडीच्या खुर्च्या एकदाच्या पास झाल्या. तपासनीस परत आला तो एकेका खुर्चीची बातमी देत. त्याचा दंगा ऐकत आम्ही जेवायला बसलो. बाबा अचानक उठले, खाली गेले आणि चादरीत गुंडाळलेली पाटी घेऊन आले. त्यांनी ती ताटांच्या मध्येच ठेवली, चादर काढली आणि माझ्याकडे बघितलं. ‘आणि कन्या.’ आईने डोळ्यांना पदर लावला, म्हणजे तिलाही माहीत होतं.

मी डोळे मिटले आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. काठ कुठेही टोचत नव्हता. किती संध्याकाळी घासलं असेल बाबांनी!

मग मी डोळे उघडले आणि हजेरीला द्यायला हवा होता तसा खणखणीत आवाज लावला.

“बाबा, आई, माझं ठरलंय. शाखा विज्ञानाची घेणार, आणि डॉक्टर होणार. लोकांच्या जिभा बघणारी. पण ही पाटी उद्याच दारावर लावा, कारण कन्या मी आहेच आणि दर रविवारी खाली घासायला येणार आहे. हे बोट तुम्ही तयार केलंय, ते मला बोथट होऊ द्यायचं नाही. आणि माझ्या दवाखान्याची पाटीसुद्धा तुम्हीच कोरायची. शेवटचा हात मी देईन, आणि तुम्ही डोळे मिटून तपासायची. ‘परत’ म्हणालात तर परत घासेन.”